नववी सही

शनिवारी संध्याकाळी वळीव पाऊण तास कोसळला आणि रविवारी सकाळी सातला आत्याचा फोन आला. ‘बादली लावलीये. येऊन तुझ्या लाडक्या इमारतीची समजूत घाल.’

आत्या सहकारनगरात राहते. 1976 सालची इमारत. तळमजला आणि वर तीन मजले, सोळा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. आत्या सगळ्यांत वर. तिच्या दिवाणखान्याच्या छताला पंख्याच्या हुकापासून खिडकीपर्यंत ओलीचा एक तपकिरी नकाशा आहे, आणि दर पावसाळ्यात तो शेजारचा थोडा मुलूख जिंकतो. मी सिव्हिल इंजिनिअर, पण नव्या इमारती उठवणाऱ्यांतली नाही, जुन्या सावरणाऱ्यांतली. आमच्या धंद्याला मान बेताचाच. बांधणाऱ्याला वास्तुशांतीला शाल-नारळ मिळतो; गळती काढणाऱ्याला चहासुद्धा जिन्यात उभ्यानं. पुढच्या वर्षी पुन्हा गळलं की फोन मात्र रात्री अकरालाही येतो.

वाद जुनाच होता. वर्षभर सोसायटीत पुनर्विकासाचं चाललंय. सोळांपैकी आठ तयार, सात नको म्हणणारे. सरकारच्या 2019 च्या आदेशाप्रमाणे एकूण सभासदांपैकी 51 टक्क्यांची संमती लागते. त्याआधी अट तीन चतुर्थांशांची होती. सोळांचे 51 टक्के म्हणजे आठ पूर्णांक काहीतरी, म्हणजेच नऊ. नववी सही आत्याची. संमतीपत्र तिच्या फडताळात, चकलीच्या रिकाम्या डब्याखाली, पंधरा दिवस पडून होतं.

‘सही करायची हे माझं ठरलेलं आहे,’ चहाचा कप पुढे करत आत्या म्हणाली. ‘पण तुझं एकदा ऐकून घेते. नाहीतर जन्मभर ऐकवशील, आत्यानं विचारलंसुद्धा नाही म्हणून.’

‘आधी छत बघू दे.’

स्टूल घेऊन मी वर चढले. पिशवीतली छोटी हातोडी काढून भिंतीकडच्या बाजूनं छतावर हलकेच ठोकत निघाले. टण्, टण्, टण्. नकाशाच्या हद्दीत शिरले आणि आवाज बसला. बद्द. बद्द. आत्या खुर्चीत डोळे मिटून ऐकत होती.

‘हा माठ मी कुंभारवाड्यातून उचललाच नसता,’ ती म्हणाली.

मला हसू आलं. स्लॅबचं निदान आम्ही यंत्रं लावून करतो, अहवाल लिहितो, त्याला आलेख जोडतो. पण सुरुवात होते ती याच माठ वाजवून घेण्यापासून. बद्द आवाजाच्या जागी प्लास्टर आणि त्यावरचा काँक्रीटचा थर सळईपासून सुटलेला असतो. एक पोपडा मी पटाशीनं उचकटला. तळहाताएवढा तुकडा जुन्या वर्तमानपत्रावर पडला आणि आत सळई दिसली. सळई कसली, पापुद्र्यांची खारी.

‘हे असं का होतं?’ आत्यानं विचारलं. ‘लोखंड आत गाडलेलं. त्याला गंज चढायला वारा लागतो कुठून?’

‘काँक्रीटमध्ये सिमेंटचा चुना असतो. तो जिवंत आहे तोवर लोखंडाला गंज धरत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपतो आणि चुन्याचा जोर मारतो. त्यात गच्चीवरून पाणी आलं की सळई गंजते. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. ती त्याला मिळत नाही, मग तो काँक्रीटच ढकलून देतो.’ पिशवीतली फवाऱ्याची बाटली काढून मी त्या खळग्यात फवारा मारला. सळईभोवतीचा भाग जसाच्या तसा राखाडी राहिला. खळग्याच्या तळाशी, दोन बोटं आत, गडद गुलाबी डाग उमटला.

‘हळदीत चुना कालवला की कुंकू होतं, तसंच की हे.’

‘अगदी तसंच. चुना जिवंत तिथं रंग. म्हणजे आतलं काँक्रीट शाबूत आहे. बाहेरचा थर गेलाय.’

‘म्हणजे आजारी आहे, हे तूच सांगतेस.’

‘आजारी आहे. सरणावर नेण्याजोगी नाही. गेल्या वर्षीच्या ऑडिटमध्येही हेच लिहिलंय. खांब चांगले, तुळया चांगल्या. खराब आहे तो वरचा स्लॅब आणि प्रत्येक मजल्यावरचा बाथरूमखालचा खोलगट भाग. सुटलेलं काढायचं, सळया तारेच्या ब्रशनं चकचकीत घासायच्या, गंजरोधक लावायचं, फार झिजल्या असतील तिथं जोड सळई द्यायची आणि पॉलिमर घातलेल्या मॉर्टरनं भरून घ्यायचं. पण त्याआधी वरचं पाणी बंद व्हायला हवं. पाणी चालू ठेवून खालून भरणं म्हणजे नळ उघडा टाकून फरशी पुसणं.’

‘वरचं पाणी!’ आत्या फिस्कारली. ‘तीनदा बंद केलंय ते. 1991 ला कोबा. 2006 ला त्याच कोब्यावर दुसरा कोबा. मग ते पांढरं केमिकल. दर वेळी दहा वर्षांची गॅरंटी. कागद आहे माझ्याकडे गॅरंटीचा. कंत्राटदार नाही.’

इथे मला गप्प बसावं लागलं. कोब्यावर कोबा हे आमच्या धंद्यातलं पाप आहे आणि सुरुवातीच्या दिवसांत मीही ते एकदा केलेलं आहे. विटांचे तुकडे मसाल्यात बसवून, त्यांना पाण्याच्या तोंडाकडे ढाळ देऊन, वर घोटून गुळगुळीत केलेला आणि दोरीच्या चौकटी पाडलेला कोबा ही आपल्याकडच्या गच्च्यांची जुनी, चांगली रीत. नीट केला तर पंधरा-वीस वर्षं बघावं लागत नाही. पण चार-पाच इंच जाडीच्या कोब्याचं वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या पुढे जातं. जुना फोडायचा तर धूळ, आवाज, मलबा उतरवायची मजुरी. म्हणून त्याच्यावरच नवा घालतात. दुसरा घातला की पहिल्या कोब्यातलं पाणी दोघांच्या मध्ये कोंडतं, आणि स्लॅब ते ओझं मुकाट डोक्यावर घेऊन उभा राहतो. कागदावर मात्र ‘वॉटरप्रूफिंग पूर्ण’.

‘दोन्ही कोबे काढायला हवेत,’ मी म्हटलं. ‘खर्च होईल. पण इमारत पाडण्याइतका नाही.’

‘खर्च कोण देणार?’

‘सोसायटी. गच्चीतून येणारं पावसाचं पाणी आणि इमारतीच्या सांगाड्याची दुरुस्ती हे सोसायटीचं काम, उपविधीतच आहे. त्यासाठी दुरुस्ती निधी वेगळा काढायचा असतो. बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाऊण टक्का. शिवाय सिंकिंग फंड पाव टक्का.’

आत्यानं चष्मा लावला. बँकेत चौतीस वर्षं काढलेली बाई. टक्का ऐकला की तिची पाठ ताठ होते. ‘बांधकाम खर्च म्हणजे कधीचा?’

‘बांधलं तेव्हाचा.’

‘आमच्या फ्लॅटला तेव्हा बांधकामाचे चाळीस हजार पडले होते, जमीन सोडून. त्याचा पाऊण टक्का म्हणजे वर्षाला तीनशे. महिन्याला पंचवीस रुपये. सोळा घरांचे वर्षाचे चार हजार आठशे. एका गवंड्याची पाच-सहा दिवसांची मजुरी झाली ही. आणि यात तू दोन कोबे काढणार.’

‘किमान म्हटलंय. सभेनं ठरवलं तर जास्त घेता येतात.’

‘ठरवलं का?’

नाही ठरवलं. आत्याच्या सोसायटीचा महिन्याचा मेंटेनन्स साडेतीनशे रुपये आहे आणि ही गोष्ट तिथले लोक पाहुण्यांना अभिमानानं सांगतात. दर वार्षिक सभेत खजिनदार पन्नास रुपये वाढवायचं सुचवतो आणि दर वेळी कुणीतरी पार्किंगचा विषय काढतं.

मी डाव बदलला. ‘आत्या, शनिवार पेठेतल्या वाड्याची कौलं चाळायला माणूस यायचा ना?’

‘यायचा. अक्षय्य तृतीया झाली की शिडी खांद्यावर घेऊन दारात.’

‘यंदा गळतंय का, असं विचारून यायचा?’

‘छे! गळायच्या आधीच यायचा. फुटकी कौलं बदलायची, सरकलेली बसवायची, पन्हळीतला पाचोळा काढायचा. दोन दिवसांचं काम. आई त्याला जेवायला घालायची आणि जाताना गेल्या वर्षीचं लोणचं द्यायची.’

‘मग इथं असा कोण येतो?’

आत्या काही बोलली नाही. मी नेट लावला. ‘स्लॅब आला आणि तो माणूस गेला. कौलं, माती, चुना दरवर्षी हात मागायचे, म्हणून वर्षाच्या कामांत शाकारणी होतीच; पापड-कुरडयांसारखी. काँक्रीट घातलं आणि लोकांना वाटलं, आता सुटलो. पहिली पंधरा-वीस वर्षं खरंच काही करावं लागलं नाही, तेवढ्यात सवय मोडली. तुमच्या गच्चीवर पाण्याची चार तोंडं आहेत. शेवटची कधी साफ झाली?’

‘ते वॉचमनला विचार.’

‘वॉचमनच नाही तुमच्याकडे.’

‘नाही ना. साडेतीनशेत कसला येतोय?’ मग ती पुढे झुकली. तिच्या आवाजातली थट्टा गेली होती. ‘तू वाड्याचं सांगतेस, पण अर्धंच सांगतेस. शाकारणी तुम्हाला गोड वाटते, कारण तुम्ही ती केलेली नाही. शेणानं सारवलंयस कधी? पोतेऱ्याचा वास तीन दिवस हाताला येतो. आणि तो कौलांचा माणूसही यायचा थांबला, माहितेय? आमच्या वाड्यात सात बिऱ्हाडं भाड्यानं होती. सत्तेचाळीसच्या भाडे कायद्यानं त्यांची भाडी चाळीस सालच्या हिशेबात गोठली. कुणी चार रुपये, कुणी सहा. सगळी मिळून तीस-पस्तीस रुपये व्हायची, आणि कौलवाल्याची मजुरी दरवर्षी वाढायची. बाबांनी आधी एक वर्षाआड बोलावलं, मग दोन वर्षांनी. भाडेकरू म्हणायचे मालकानं करावं, मालक म्हणायचा भाडं वाढवा. वाडा पुरानं पाडला असं आपल्या घरात सांगतात. पुरानं शेवटचा धक्का दिला, एवढंच.’

1961 च्या 12 जुलैला पानशेत फुटलं तेव्हा आत्या तेरा वर्षांची होती. घडीव दगडाचं जोतं, सागवानी खांब-तुळया, आणि मधल्या भिंती कच्च्या विटांच्या, मातीत रचलेल्या. पाणी ओसरल्यावर आजोबा परत गेले तर लाकडी सांगाडा कौलांसकट उभा होता आणि भिंती विरघळून चौकात चिखल झालेल्या. हे मी शंभरदा ऐकलंय. गोठलेल्या भाड्यांचा हिशेब पहिल्यांदा ऐकत होते.

‘तेव्हा,’ आत्या म्हणाली, ‘त्या वाड्याचं चार रुपये भाडं आणि तुझा हा पाऊण टक्का, दोघं सख्खे भाऊ. एक चाळीस सालात अडकलं, एक शहात्तर सालात. इमारत मात्र चालू सालात म्हातारी होतेय.’

हे वाक्य मी तिथल्या तिथे वहीत लिहून घेतलं. सोसायट्यांच्या सभांत अहवाल वाचत वीस वर्षं फिरतेय. इतक्या नेमक्या शब्दांत रोग कुणी सांगितला नव्हता, मीही नाही.

‘पण मग इलाज तोच ना!’ मी म्हटलं. ‘टक्का आजच्या किमतीवर धरा. पाडून काय होणार? माणसं तीच. नव्या बारा मजल्यांत दोन लिफ्ट येतील, जनरेटर, आग विझवायचे पंप, पाणी वर चढवायच्या मोटरी. महिन्याला पाच-सहा हजार मेंटेनन्स. साडेतीनशेचे चारशे करायला जे तयार नाहीत, ते पाच हजार देणार? बिल्डर पहिली पाच वर्षं सांगाड्यातले दोष स्वखर्चानं काढून देईल, रेरा कायद्यानं त्याला ते द्यावंच लागतं. सहाव्या वर्षी?’

‘सहाव्या वर्षी नवी माणसं असतील. वरचे फ्लॅट विकत घेणारी, पंचवीस-तीस वर्षांचं कर्ज डोक्यावर असलेली. कर्ज काढलेला माणूस घराची काळजी घेतो. आम्ही बावीस मालक–’

‘सोळा.’

‘सोळा. तरी बावीस मतं आहेत, म्हणून तसं निघालं. आमचं कर्ज कधीच फिटलं, मुलं अमेरिकेत नाहीतर बाणेरला. आम्हाला ही इमारत आमच्याइतकीच टिकली की पुरे. तुझ्या दुरुस्तीला कुणी विरोध करत नाही गं. तिच्यात कुणाला काही मिळत नाही, एवढंच. गच्ची दुरुस्त केली की गळत नाही. म्हणजे जे व्हायला नको ते होत नाही. त्याच्यासाठी पैसे कोण आनंदानं देतो? पुनर्विकासात खोली वाढते.’

मला उत्तर सुचलं नाही. सुचलं असतं तर आमचा धंदा आज बरा चालला असता.

ती उठली, गुडघ्यावर हात ठेवून, एक क्षण थांबून. चार वर्षांपूर्वी दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालीये. ‘आता माझं ऐक. तुझ्या हातोडीला जे ऐकू येत नाही ते. या जिन्याला चौपन्न पायऱ्या आहेत. यांना रात्री अडीचला छातीत दुखायला लागलं तेव्हा अँब्युलन्स बारा मिनिटांत खाली आली. स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर वळेना. शेवटी या जेवणाच्या खुर्चीत बसवलं, चादरीनं बांधलं आणि चौघांनी उतरवलं. खालच्या मजल्यावरची मुलं झोपेतून उठून आली होती. प्रत्येक वळणावर खुर्ची टेकवायची, दम घ्यायचा, पुन्हा उचलायची. चौपन्न पायऱ्यांना किती वेळ लागला माहितेय? तुझा स्लॅब शंभर वर्षं टिकेल. मला त्याचं काय करायचंय?’

ती खुर्ची अजून तिथेच आहे. मी तिच्यावरच बसले होते.

बऱ्याच वेळानं मी लिफ्टचं बोलले. जिन्याच्या बाहेरच्या बाजूनं लोखंडी सांगाड्यातली लिफ्ट जोडता येते, पुण्यात अशा कितीतरी इमारतींना लागलेली आहे.

‘ते पण झालं विचारून. ती जिन्याच्या मधल्या टप्प्यावर थांबते. घराच्या दारात येत नाही. वर चढा नाहीतर खाली उतरा, नऊ पायऱ्या राहतातच. आणि तळमजल्याची चार घरं म्हणतात, आम्ही वर्गणी का द्यावी?’

‘नऊ म्हणजे चौपन्न नव्हेत.’

‘खुर्चीतल्या माणसाला नऊ आणि चौपन्न सारखेच.’

मग आम्ही कराराच्या मसुद्याकडे वळलो. तो भाग रटाळ आहे आणि इथे थोडक्यात उरकते. तीन वर्षांचं भाडं आगाऊ की महिन्याला, बिल्डरनं प्रकल्पखर्चाच्या 20 टक्क्यांची बँक हमी दिलीये का, कार्पेट नक्की किती आणि कुठल्या व्याख्येनं, जुनं घर रिकामं करायचं ते परवानग्या हातात आल्यावर की आधी. एकूण एक मुद्दे आत्यानं पेन्सिलीनं अधोरेखित करून ठेवले होते. सोसायटीनं स्वतःच बिल्डर व्हावं, स्वयंपुनर्विकास करावा, असं मी सुचवून पाहिलं. ‘चारशे रुपये ठरवता येत नाहीत त्या सोळा जणांनी बारा मजले बांधायचे?’ एवढं म्हणून तिनं तो विषय मिटवला.

‘आणि ती तीन वर्षं?’ मी विचारलं. ‘तू आता सत्त्याहत्तरची. भाड्याच्या घरात, नव्या शेजारात–’

‘आणि मध्येच गेले तर, असंच ना? बोल की. पूर ओसरल्यावर आम्ही दीड वर्ष शाळेच्या वर्गात आणि मग मामाच्या पडवीत काढलं. गोखलेनगरच्या निसेन हटमध्ये लोकांनी संसार केले. तीन वर्षं लिफ्टच्या इमारतीत, दुसऱ्याच्या पैशानं? मला ती सुट्टी वाटेल.’

खरं तर मी हरले होते. पण तेवढ्यात दारावरची बेल वाजली. दुसऱ्या मजल्यावरचे काका, आत्याच्या बरोबर खाली राहणारे. मी आलेय हे कळल्यामुळेच आले असणार. हातात मोबाइल, मोबाइलवर त्यांच्या बाथरूमच्या छताचे फोटो. काळी बुरशी, पांढरे क्षार, लोंबणारा एक थेंब.

‘वहिनी, चौथं वर्ष. ही आलीच आहे, तर दाखवून घेता का जरा?’

आत्याचा चेहरा मी प्रथमच असा पाहिला. बाथरूममधून खाली झिरपणारं पाणी हे सोसायटीचं नव्हे, ज्याच्या बाथरूममधून येतं त्या सभासदाचं. तेही उपविधीतच आहे.

‘पुनर्विकास होतोच आहे, मग आता कशाला खर्च–’ ती पुटपुटली.

काका शांतपणे म्हणाले, ‘मला अंघोळ आजपासून करायचीये.’

ते गेल्यावर मी बाथरूममध्ये गेले. न्हाणीच्या जाळीभोवतीची फरशी हलत होती. फटीतला सिमेंटचा माल केव्हाच निघून गेला होता. प्लंबरचं एक दिवसाचं काम. फार तर दोन. चार वर्षं.

‘बोलू नकोस,’ आत्या दारातून म्हणाली.

मी बोलले नाही. दिवाणखान्यात येऊन बादली उचलली. पाव बादली भरली होती. गढूळ, चुनकट पाणी. ‘गच्चीवर चल.’

‘मी? चार वर्षांत वर गेले नाही. अठरा पायऱ्या आहेत.’

‘कुरडया घालायला जायचीस की.’

कठड्याला धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत ती चढली. वर पोचल्यावर पर्वतीकडे तोंड करून दोन मिनिटं नुसती उभी राहिली. वारा होता. कुणाच्या तरी चादरी वाळत होत्या. पाण्याच्या एका तोंडाशी गुटख्याच्या पुड्या, पाचोळा आणि त्यात रुजलेली वीतभर पिंपळाची रोपटी. मुळं थेट कठड्याच्या भेगेत गेलेली.

‘हे उपटायला हवं,’ मी म्हटलं.

‘उपट. आज शनिवार नाही.’

बादलीतलं पाणी मी पाण्याच्या टाकीजवळ, सगळ्यांत उंच भागावर हळूहळू ओतलं. आम्ही दोघी बघत राहिलो. पाणी निघालं, तोंडाच्या दिशेनं दोन हात गेलं, आणि मग विचार बदलल्यासारखं डावीकडे वळलं. दोरीच्या जुन्या चौकटींवरून रेंगाळत बरोबर मध्यावर आलं आणि तिथं थांबलं. परातीएवढं तळं. त्याच्या काठाशी केसाएवढी एक भेग होती आणि पाणी तिच्यात शिरताना बारीक बुडबुडे येत होते.

‘खाली काय आहे?’ आत्यानं विचारलं.

‘तुझा पंखा.’

तिनं रिकामी बादली माझ्या हातातून घेतली, उपडी घातली आणि तिच्यावर बसली. कोब्यातून सुटलेला विटकरीचा एक तुकडा पायाशी पडला होता. तो उचलून तिनं वाकून त्या तळ्याभोवती लाल रेघ ओढली. वेडीवाकडी, पाण्याच्या कडेकडेनं, रांगोळीचं कुंपण घालावं तशी.

‘सही मी करणार आहे,’ ती रेघ ओढताना म्हणाली. ‘पण पाडेपर्यंत दोन-तीन पावसाळे जातील. हे एवढं फोडून नीट करायला किती दिवस?’

‘एवढ्याच भागाचं तात्पुरतं असेल तर चार दिवस. तोंडं साफ करून, भेग भरून, ढाळ काढून. आणि तुझं बाथरूम दोन दिवस.’

‘बाथरूमचे पैसे माझे. इथले सोळांनी द्यायचे. गवंडी कधी आणतेस?’

‘सोमवारी, आठ दिवसांनी.’

‘शनिवारी आण. रविवारी सभा आहे.’ तिनं हात पुढे केला, मी तिला उठवलं. ‘सभा खाली पार्किंगमध्ये नको म्हणते मी. इथं वर घेऊ. हो म्हणणारे आठ आणि नाही म्हणणारे सात, दोघांनाही चढू दे बहात्तर पायऱ्या.’